उरलेलं कडू पाणी

खारकोंड, तालुका पेण, जिल्हा कुलाबा
२ फेब्रुवारी १९५८

दादा,

नमस्कार, आणि नमस्कारानंतर भांडण. संक्रांतीला येतो म्हणालास आणि आलास नाहीस, तिळगूळ मोरूच्या हाती पाठवलास. मोरू धरमतरच्या लाँचवर खलाशी आहे, माझा भाऊ नाही. त्याच्या हातचा तिळगूळ गोड लागला नाही. खाल्ला सगळा, ते सोड.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दिवाळीला तू होतास तेव्हा बा पोटाला हात लावून "पित्त हाय" म्हणायचा ना? ते पित्त नव्हतं. आमच्या घरचे त्याला अलिबागला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बाला बाहेर बसवलं आणि यांना सांगितलं की पोटात गाठ आहे, ती पार पसरलीय, कापून काही उपयोग नाही. घरी न्या, आवडेल ते खायला घाला. कळा थांबायला एक इंजेक्शन आहे म्हणे, पण ते येतं तेव्हा येतं, आणि आलं तरी खाडीपलीकडे येऊन रोज टोचणार कोण?

बाला आम्ही काही सांगितलं नाही. त्याला सगळं कळलंय, तोही आम्हाला काही सांगत नाही. खाट मिठाच्या आगराच्या बांधावर नेऊन टाकायला लावली, वर झावळ्यांचा मांडव घातला. तिथं पडून आगरातल्या एकेका चौकोनावर हुकूम सोडतो. या कोंडीत पाणी घ्या, ती कोंडी तापली, हा फावडं कसं धरतो बघा. बोलता बोलता कळ आली की गप्प होतो आणि खाटेचं सुंभ मुठीत धरतो. कळ गेली की वाक्य जिथं सोडलं तिथून पुढं बोलतो. मधे काही झालंच नाही असं आम्हीही दाखवतो.

तू औषधांच्या कंपनीत आहेस. तिथं औषध करतोस का नुसत्या बाटल्या धुतोस ते देवाला ठाऊक, पण आहेस तर खरा. बा बरा होणार नाही हे मला कळलंय आणि त्यासाठीचं रडून झालंय. पण कळा तरी कमी व्हाव्यात. तेवढं एक बघ.

रतन

*

शिवडी, मुंबई
९ फेब्रुवारी १९५८

रतन,

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर काम सुचलं नाही. पित्त म्हणाला तेव्हा मी त्याला ओव्याचा अर्क आणून दिला होता. सायन्स शिकलेला मुलगा, आणि ओव्याचा अर्क.

बाटल्या मी धुतोच. पण आमच्या प्रयोगशाळेत सध्या नेमकं दुखणं थांबवायचंच औषध चाललंय, हे तुला सांगितलं नव्हतं कारण सांगायची मनाई आहे. डॉ. गुप्ते म्हणून आमचे साहेब आहेत, मी त्यांच्या हाताखाली. तुला समजेल असं सांगतो. हे औषध भांड्यात तयार होतं तेव्हा त्याचे दोन प्रकार एकदम तयार होतात, निम्मा एक, निम्मा दुसरा. दोघांचं वजन सारखं, चव सारखी, वितळतात एकाच उष्णतेला. फरक एवढाच, की एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. डाव्या आणि उजव्या पायाच्या वहाणेसारखं समज. आपलं शरीर म्हणजे एकच पाय. एकच वहाण त्यात बसते, दुसरी नाही. म्हणजे एक प्रकार कळ थांबवतो आणि दुसरा नुसताच पोटात जातो.

तर ते दोन वेगळे करायचे. त्याला साहेबांची युक्ती अशी: चिंचेत जे आंबट असतं ना, तेच शुद्ध करून घ्यायचं आणि कोमट स्पिरिटमध्ये औषधाबरोबर मिसळायचं. ते आम्लही एकाच हाताचं, म्हणजे नुसतं उजवं असतं. त्याची दोघांशी जोडी जमते, पण सारखी जमत नाही. भांडं हलवायचं नाही, गार होऊ द्यायचं. मग एक प्रकार तळाला खडे धरून बसतो आणि दुसरा वरच्या पाण्यात राहतो. खडे गाळून घ्यायचे आणि आम्ल धुऊन काढायचं.

पहिल्यांदा खडे धरले तेव्हा मला हसू आलं. रतन, हे मिठागरच आहे गं. फक्त काचेचं.

साहेबांना बाबद्दल विचारायचा धीर होत नाही. माणसाला द्यायची परवानगी अजून नाही. मी बघतो काय करता येतं.

शिवदास

*

शिवडी
१ मार्च १९५८

रतन,

मोरूबरोबर पुड्या पाठवतोय. कुठून आल्या ते कुणाला सांगायचं नाही, तुझ्या नवऱ्याला, अनंताला सांगितलंस तरी बाहेर जाता कामा नये. सकाळी एक, संध्याकाळी एक, पेजेबरोबर. मोजून बांधल्यात, दोन एकदम देऊ नकोस. गुंगी फार आली किंवा श्वास मंद वाटला तर पुढची देऊच नकोस.

मी साहेबांना विचारलं नाही. चोरी म्हण हवं तर. आमच्याकडे खड्यांचं आणि वरच्या पाण्याचं असे दोन्ही नमुने उंदरांवर तपासायला गेलेत, कुठला हात कामाचा ते तिकडून कळणार. त्याला महिना लागेल की दीड महिना, कोण जाणे. बाला महिनाभर थांब म्हणून कसं सांगू? म्हणून तळाला बसलेले खडे घेतले. पांढरेशुभ्र आहेत. मिठागरात जन्म काढलेल्या माणसाला तळाला काय बसतं आणि वर काय राहतं हे उंदरांनी सांगायला नको. वरचं पाणी साहेबांनी मोठ्या बाटलीत ठेवायला लावलंय, निकाल येईपर्यंत. अर्धी खोली अडवून बसलीय ती बाटली.

गुण येतो का ते लगेच लिही. खरं खरं लिही.

शिवदास

*

खारकोंड
१० मार्च १९५८

दादा,

आधी आनंदाची बातमी. लागू पडलं. दुसऱ्याच दिवशी बाला बरं वाटायला लागलं. झोपतो, पेज खातो. शिमग्याला खाट होळीच्या मैदानात न्यायला लावली आणि सोंगं आली त्यांना शिव्या घालून घेतल्या. येईल त्याला सांगतो, "माझ्या शिवानं आपल्या हातानं औषध केलंय, इंग्रजाला जमलं न्हाय ते." मी किती वेळा सांगितलं की बोलायचं नाही, तर मलाच म्हणतो, "मंग काय मेल्यावर बोलू?"

तुझं पत्र वाचून दाखवलं. चिंचेचं ऐकून त्याला फार गंमत वाटली. दारातली चिंच आजोबांनी लावली ती एवढ्यासाठी म्हणाला. आणि तुला निरोप सांगितलाय, तो म्हणाला तस्साच लिहिते: "शिवाला लिव, वरचं पानी कशाला सांभालून ठेवलंस? पयलं बसतं ते मीठ, मागं राहतं ते कडू. कडू पानी येलेवर सोडलं न्हाय तर फुडचं मीठबी कडू होतं. येवढं शिकला नि बापानं शिकवलेलं इसरला."

आगर ठीक चाललंय. आमच्या घरचे आणि मी मिळून रास काढतो. खाटेचं सुंभ जागोजागी तुटलं होतं म्हणून नवीन विणून घेतलं. तू जीवाला लावून घेऊ नकोस, वेळेवर जेव.

रतन

*

शिवडी
१७ मार्च १९५८

रतन,

तुझं पत्र डबा खाताना वाचलं आणि डबा तसाच राहिला. इतकं हलकं मला मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं. हातातला कागद शेजारच्या माणसाला दाखवावासा वाटत होता, पण दाखवणार कसा?

बाला सांग, त्याचा निरोप पोचला आणि लगेच अंमलातही आला. साहेब कामासाठी पुण्याला गेलेत. पुढच्या खेपेला मोठी बाटली हवी होती, आणि ती त्या पाण्याने अडवलेली. तुझं पत्र खिशात होतं. म्हटलं आता उंदरांचं काय विचारायचं, माझा बा झोपतोय. बाटली उचलली, मोरीत ओतली, वर दोन बादल्या पाणी सोडलं. बा आगराची मोरी उघडायचा तेव्हा आपण दोघं बांधावरून बघायचो ना, कडू पाणी खाडीत जाताना? तसंच उभं राहून बघितलं मी.

आणखी पुड्या पाठवतोय. वैशाखात रजा काढून येतो.

शिवदास

*

खारकोंड
२ एप्रिल १९५८

दादा,

पुड्या मिळाल्या. सगळं ठीक आहे. बा ठीक आहे.

ऊन फार झालंय त्यामुळे खाट आता घरात घेतलीय. मीठ यंदा चांगलं पडलं. आणखी पुड्या एवढ्यात नको, आहेत त्या पुरतील.

एक विचारायचं होतं. याच्यापेक्षा जोराचं काही असतं का? बासाठी नाही, पलीकडच्या ठमाबाईची कंबर दुखते तिच्यासाठी विचारते. नसेल तर राहू दे. तू येणार होतास तो जरा लवकर येता आलं तर बघ. उगाच आपलं, आंबे आलेत म्हणून.

रतन

*

शिवडी
१४ एप्रिल १९५८

रतन,

उभ्या उभ्या लिहितोय. उंदरांचा निकाल आला.

तापलेल्या पत्र्यावर उंदीर ठेवतात. पाय भाजला की तो पाय चाटतो, उडी मारतो. औषध लागू असेल तर तो जास्त वेळ शांत बसतो. आपल्या खड्यांचं औषध दिलेले उंदीर औषध न दिलेल्यांइतक्याच लवकर उड्या मारत होते. आणि वरच्या पाण्यातलं ज्यांना दिलं ते बसून राहिले. तळाला बसला तो उलटा हात आहे, रतन. कामाचा हात त्या पाण्यात होता.

साहेबांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "ती बाटली काढ." मी म्हटलं, बाटली धुतली. त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. पुड्यांचं, बाचं, सगळं. नोकरी गेली असं धरूनच सांगितलं. त्यांनी कागद परत स्वतःकडे ओढला. मग एवढंच विचारलं, "वडिलांना त्या खड्यांनी बरं वाटलं म्हणतोस?" मी म्हटलं, हो, बहिणीनं लिहिलंय. तर म्हणाले, "माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरं. पण एवढाही वेगळा नसतो."

रतन, तू लिहिलंस तो झोपतो. तू लिहिलंस पेज खातो. ठमाबाईला आयुष्यात कंबरदुखी नव्हती, ती अजून विहिरीचे दोन हंडे डोक्यावर घेऊन चालते. तुला तुझ्या लेकराची शप्पथ, खरं काय ते लिही.

शिवदास

*

खारकोंड
१८ एप्रिल १९५८

दादा,

लेकराची शपथ घालायला नको होतीस. आधीच एका शपथेत अडकले होते, आता कुठली मोडू?

पहिली पुडी घेतली त्या दिवशी बा तासभर डोळे मिटून पडला. आम्ही सगळे बघत बसलो. त्याला घेरी आली, ओकला, आणि मग नेहमीसारखी कळ आली. नेहमीपेक्षा मोठीच. ओसरल्यावर मला जवळ बोलावलं. म्हणाला, कागद घे आणि शिवाला लिव, गुण आला. मी म्हटलं, बा, असं कसं लिहू, त्यानं खरं लिही म्हटलंय. तर हात धरून मला मिठाच्या राशीपाशी नेलं, त्याला चालवत नव्हतं तरी नेलं, आणि माझा हात मिठावर ठेवायला लावला. तुला माहीत आहे आपल्यात मिठावर हात ठेवला की काय असतं. म्हणाला, "पोरगा माझ्यासाठी नोकरी पणाला लावतोय. त्याच्या हातचं लागलं न्हाय आसं त्याला कधी कलता कामा नये. मी मेलो तरी न्हाय."

मग मी लिहिलं. शिमग्याचं खरं आहे, सोंगांना शिव्या घातल्या तेही खरं आहे, पण त्या कळेच्या भरात घातल्या. सुंभ जुनं झालं म्हणून तुटलं नव्हतं. पुड्या तो न चुकता घेत होता आणि दरवेळी मोठ्यानं म्हणत होता, "आता बरं वाटतंय." माणसं गेली की उशी तोंडात धरायचा. आठवडाभर झाला, पोटात काही ठरत नाही म्हणून पुड्या बंद केल्या. आता ओरडतो. बा ओरडतो रे दादा, ज्याच्या पायात काच गेली तेव्हा हूं म्हणाला नव्हता तो.

मिठावरची शपथ मोडली तर बांध फुटतो म्हणतात. फुटू दे.

आणि एक सांग. ती बाटली तू माझ्या पत्रामुळे ओतलीस का? तुझं मागचं पत्र मला नीट आठवत नाही आणि काढून वाचायचा धीर होत नाही.

रतन

*

शिवडी
२२ एप्रिल १९५८

रतन,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. बाटली रिकामी करायची वेळ झालीच होती, मोठ्या बाटल्या दोनच आहेत आमच्याकडे. तुझं पत्र आलं नसतं तरी मी ती ओतली असती. मिठागरातला माणूस मी, मला ते पाणी डोळ्यांसमोर नकोच होतं. तुझ्या पत्राचा आणि त्याचा संबंध नाही. हे डोक्यातून काढून टाक.

आता पुढचं. पहिल्यापासून सगळं करायला घेतलंय. साहेब म्हणाले, चोरीचं काय ते मी नंतर बघीन, आधी वडिलांचं बघू. कोट काढून स्वतः वजनं करायला बसतात, रविवारीही येतात. खडे बसायला वेळ लागतोच, घाई केली तर दोन्ही हात एकत्र खाली येतात. भांडं हलवायचंसुद्धा नाही. मी समोर बसून बघत असतो आणि मला बाचा आवाज ऐकू येतो.

पेणच्या डॉक्टरांना साहेब स्वतः चिठ्ठी देणार आहेत, किती द्यायचं, कसं द्यायचं. या खेपेला चोरून नाही. तयार झालं की मी स्वतः घेऊन येतो. तोवर त्याला सांगू नकोस की मला कळलंय. त्याला वाटू दे की पुड्या लागू पडल्या. निदान तेवढं त्याचं राहू दे.

आपलाच
शिवदास

*

खारकोंड
९ जून १९५८

दादा,

तेरावं करून तू गेलास आणि पाठोपाठ पाऊस लागला. लाँच बंद झाली, मोरू घरी बसलाय. मीठ सगळं झाकून झालं. घरात इतकी शांतता आहे की मी उगाच भांडी आपटते.

तू इथं होतास तेव्हा आपण काही बोललो नाही. माणसं होती, आणि तूही बांधावर जाऊन बसायचास. म्हणून आता लिहिते.

तू आलास त्या दुपारी पेणचे डॉक्टर बसले होते, तू बाचं डोकं मांडीवर घेऊन ते औषध दिलंस. मी चुलीपाशी होते. थोड्या वेळानं ओरडणं थांबलं तेव्हा मला वाटलं, संपलं. धावत आले तर बा झोपला होता. तोंड उघडं, घोरत होता. आणि सुंभ धरलेली त्याची मूठ सुटली होती. किती दिवसांनी तो हात मी असा उघडा बघितला. तू तेव्हा उठून बाहेर गेलास आणि चिंचेखाली तोंड फिरवून उभा राहिलास, ते मी बघितलं. मला वाटलं, याला आता डोळ्यांनी दिसलं की लागू पडणं म्हणजे काय असतं.

पुढचे चार दिवस सोन्याचे गेले. बा बोलला, हसला, कोलीम मागून खाल्लं. चौथ्या दिवशी तू आंघोळीला गेला होतास तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं. मी म्हटलं, काय हवंय? तर हळूच म्हणाला, "रतन, ह्ये खरं औषध. मागलं काय खरं नव्हतं. पन शिवाला सांगू नको हां. त्याला वाटतंय दोन्ही लागली. पोर खूश हाय, खूश राहू दे." मी मान हलवली.  त्याच रात्री गेला. झोपेतच गेला, एवढं तुझ्या औषधानं दिलं.

म्हणजे तो तुझ्यापासून लपवत राहिला आणि तू त्याच्यापासून. आणि मी दोघांच्या मधे बसून दोघांना पेज वाढत होते.

आता माझं. काल तुझी सगळी पत्रं काढली. सतरा मार्चचं वाचलं. "तुझं पत्र खिशात होतं" असं तूच लिहिलंयस. "म्हटलं आता उंदरांचं काय विचारायचं, माझा बा झोपतोय." हेही तूच लिहिलंयस. आणि बावीस एप्रिलला लिहितोस संबंध नाही. दादा, मी चौथी शिकलेय, पण वाचता येतं मला.

मी खोटं लिहिलं नसतं तर ती बाटली जागेवर राहिली असती. मार्च आणि एप्रिल आणि निम्मा मे. ते सगळे दिवस बा झोपला असता. त्याला कळांत ठेवलं ते मी. माझ्या हातानं लिहिलं.

उत्तर पाठव. शिव्या दे, पण पाठव.

रतन

*

खारकोंड
२० फेब्रुवारी १९५९

दादा,

पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. यंदा मोरूच्या हाती तिळगूळसुद्धा आला नाही. आला असता तर गोड लागला असता. मोरू सांगतो तू बरा आहेस, नोकरी आहे, साहेबांनी ठेवलंय. तेवढ्यावर मी गप्प होते. भांडत नाही आता, बघ.

बांध फुटला नाही. पावसाळ्यात प्रत्येक उधाणाला मी जाऊन बघत होते. आमच्या घरचे म्हणायचे, पाण्यात काय ठेवलंय?  मिठाला बहुतेक कळलं असेल की आमच्या घरात कुणी स्वतःसाठी खोटं बोललं नाही. नाहीतर त्यालाही काही कळत नसेल.

लिहायचं कारण असं. आगर पुन्हा सुरू झालं. पहिलं मीठ पडलं, चांगलं पडलं, राशी काढल्या. आता कोंड्यांतलं उरलेलं पाणी सोडायची वेळ झाली. मोरी उघडायला मी गेले, बानंतर तो मान माझाच म्हणाले सगळे. मोरीच्या फळीला हात लावला आणि हात चालेना. वाटलं, यात काय असेल कुणास ठाऊक. यात कुणाचं काय असेल. तशीच उभी राहिले. माणसं बघत होती. मग म्हटलं उद्या सोडू. काल म्हटलं उद्या, आज म्हटलं उद्या. आमच्या घरचे रागावत नाहीत, पण मीठ पिवळट पडायला लागलंय आणि ते मला दिसतंय.

मला तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. काय करू?

रतन

*

शिवडी
२६ फेब्रुवारी १९५९

रतन,

इतके महिने लिहिलं नाही कारण जे लिहायचं होतं ते खोटं लिहिल्याशिवाय लिहिता येत नव्हतं, आणि तुझं जूनचं पत्र वाचल्यावर तुला खोटं लिहायची हिंमत राहिली नाही. आता खरं लिहितो.

हो. तुझं पत्र वाचलं म्हणून ओतली. पण ते पत्र बानं लिहवून घेतलं, आणि निरोपही त्याचाच होता, आणि तो निरोप मला ऐकायचाच होता. साहेबांनी ठेव म्हटलं होतं. मी त्यांचं ऐकलं नाही, बाचं ऐकलं. तू "गुण नाही" लिहिलं असतंस तर मी वरचं पाणी काढून पाठवलं असतं, हे खरं आहे. मी हे रोज मनात करून बघतो. दरवेळी त्यात बा झोपतो. आणि मग मला आठवतं की त्याच्या तोंडून खरं निघालं असतं तर तो बा नसता. पोराच्या हातचं औषध लागलं नाही म्हणणारा माणूस आपल्या घरी जन्मला नव्हता. तू तरी त्याच्यापुढे आपला हात मिठावरून कसा उचलणार होतीस?

गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवीन खेप झाली. खडे बसले, पाणी वर राहिलं. साहेबांनी मला बोलावून ते पाणी माझ्याच हाती दिलं, म्हणाले, "हे तू सांभाळ." मी बाटलीवर चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात घातली. त्या पाण्यातलं औषध आता इथल्या एका इस्पितळात जाणार आहे, गाठीच्या रोग्यांना द्यायला. परवानगी आली. त्यात बाचं नाव कुठं नाही, असणार तरी कसं?

आता तुझ्या प्रश्नाचं. बा चुकला नव्हता, रतन. त्यानं जे शिकवलं ते मिठाचं शिकवलं, आणि मिठापुरतं ते अगदी खरं आहे. ते काचेच्या भांड्यात नेलं ते मी. आगराच्या पाण्यात कुणाचं काही राहिलेलं नाही. नुसतं कडू आहे.

पत्र मिळालं की दुसऱ्या सकाळी ओहोटी बघून जा. फळी एका हातानं निघत नाही, बा गुडघा लावायचा, तसा लाव. आणि सोड ते. पाणी खाडीत जाईपर्यंत बांधावर उभी राहा, मी शनिवारच्या लाँचनं येतोय, पुढची कोंडी आपण दोघं मिळून सोडू.

तुझा
दादा